मनगटावरचा हिशेबनीस : डाइव्ह कॉम्प्युटरविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी आणि माझे यजमान, आम्ही दोघांनी गेल्या डिसेंबरमध्ये हॅवलॉकला डायव्हिंगचा ओपन वॉटर हा प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण केला. येत्या फेब्रुवारीत पुन्हा अंदमानला जाऊन आठ-दहा बुड्या मारण्याचा विचार आहे. स्वतःचा डाइव्ह कॉम्प्युटर घ्यावा म्हणून चौकशी केली, तेव्हा दुकानदाराने एक साधा, एका बटणाचा, दुसरा रंगीत पडद्याचा आणि तिसरा सिलिंडरमधील हवेचा दाबही मनगटावर दाखवणारा, असे तीन प्रकार दाखवले. किमतींत फार तफावत आहे. प्रशिक्षकाच्या हातावर कॉम्प्युटर असताना आम्हाला त्याची गरज आहे का? असल्यास दोघांत एक चालेल का, आणि तिन्हींपैकी कोणता घ्यावा?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आपल्या शेवटून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात तडजोड नाही. दोघांत एक कॉम्प्युटर चालत नाही. एकाच बुडीत दोन माणसे शेजारी-शेजारी पोहत असली, तरी एकजण प्रवाळाच्या कडेखाली डोकावायला तीन मीटर खाली जातो आणि दुसरा वर थांबतो. एकजण आधी उतरतो, दुसऱ्याचे कान मोकळे व्हायला वेळ लागतो, आणि कॉम्प्युटर हिशेब ठेवतो तो याच खोलीचा आणि वेळेचा. प्रशिक्षकाच्या कॉम्प्युटरलाही हेच लागू पडते. शिवाय आपण त्या दिवशीची पहिली बुडी मारत असताना प्रशिक्षकाची ती तिसरी असू शकते, किंवा याच्या अगदी उलटही असू शकते. त्याच्या मनगटावरील आकडे त्याच्या शरीरासाठी असतात.

हे यंत्र नेमके काय करते, याविषयी पुष्कळ गैरसमज आहेत. डाइव्ह कॉम्प्युटर आपल्या रक्तातील किंवा स्नायूंतील नायट्रोजन मोजत नाही. त्याला दोनच गोष्टी कळतात : भोवतालच्या पाण्याचा दाब आणि वेळ. दर दहा मीटर खोलीला दाब एका वातावरणाइतका वाढतो, त्या प्रमाणात श्वासातील नायट्रोजन शरीरात अधिक विरघळतो आणि वर येताना तो हळूहळू बाहेर पडावा लागतो. तो घाईने बाहेर पडला तर बुडबुडे होतात आणि सांधेदुखीपासून अर्धांगापर्यंत काहीही होऊ शकते. कॉम्प्युटर दर काही सेकंदांनी खोली नोंदवतो, ‘अशा खोलीवर इतका वेळ राहिलेल्या माणसाच्या शरीरात इतका नायट्रोजन असावा’ असा गणिती अंदाज करतो आणि थेट वर येण्याची मुभा राखून याच खोलीवर आणखी किती मिनिटे राहता येईल, ते दाखवतो. या मिनिटांना नो-डेको लिमिट म्हणतात. तो हिशेबनीस आहे, वैद्य नव्हे. आपण रात्री नीट झोपला नाहीत, पाणी कमी प्यालात, प्रवाहाविरुद्ध पोहून दमलात किंवा थंडीने कुडकुडत आहात, यांतले त्याला काहीही ठाऊक नसते.

या हिशेबाची मुळे शंभराहून अधिक वर्षे जुनी आहेत. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी शेळ्यांवर प्रयोग करून १९०८ साली खोल पाण्यात उतरणाऱ्या माणसांसाठी वर येण्याची पहिली शास्त्रशुद्ध कोष्टके प्रसिद्ध केली. शरीराचे त्यांनी पाच काल्पनिक कप्पे मानले. काही कप्पे नायट्रोजनने झटपट भरतात आणि झटपट रिकामे होतात, काही सावकाश. (त्यांचे चिरंजीव जे. बी. एस. हॉल्डेन पुढे भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे वारले, हे जाता जाता.) आज मनोरंजनाच्या डायव्हिंगसाठी मिळणारे बरेचसे कॉम्प्युटर झुरिकच्या आल्बर्ट ब्युलमान यांच्या सोळा कप्प्यांच्या प्रतिमानावर चालतात. त्यातील सर्वांत चपळ कप्पा चार मिनिटांत निम्मा भरतो, तर सर्वांत संथ कप्प्याला त्यासाठी ६३५ मिनिटे लागतात. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवावा. आपण रोज दोन याप्रमाणे पाच दिवस बुड्या मारणार असाल, तर आदल्या दिवसाचा संथ कप्प्यातला नायट्रोजन दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ण गेलेला नसतो. म्हणूनच सहलीच्या पहिल्या बुडीपासून शेवटच्या बुडीपर्यंत तोच कॉम्प्युटर, त्याच माणसाच्या हातावर असावा लागतो. भाड्याने रोज वेगळा कॉम्प्युटर मिळत असेल, तर त्याच्या स्मृतीत काल दुसऱ्याच कुणाचा हिशेब असतो. स्वतःचा कॉम्प्युटर घेण्याचे माझ्या मते हे सर्वांत भक्कम कारण आहे.

आता निवडीकडे येतो. दुकानात ‘अमुक कंपनीचा अल्गोरिदम (म्हणजे हिशेबाची रीत) फार सावध, तमुक कंपनीचा उदार’ असे ऐकायला मिळते आणि ते खोटे नाही. सुंटोची बरीच यंत्रे आरजीबीएम या, बुडबुड्यांचाही विचार करणाऱ्या प्रकारचे प्रतिमान वापरतात आणि लागोपाठच्या बुड्यांत बरीच सावध होतात. शिअरवॉटरमध्ये ब्युलमानचे प्रतिमान असून सावधपणा ‘४०/८५’ अशा जोडीने ठरवता येतो (आकडे जितके लहान, तितका सावधपणा अधिक). परंतु नवख्या पाणबुड्याला या फरकाची झळ पहिल्या बुडीत क्वचितच लागते. थोडे गणित करून पाहावे. अॅल्युमिनियमच्या नेहमीच्या सिलिंडरचे आकारमान सुमारे ११ लिटर असते. तो २०० बारपर्यंत (बार म्हणजे जवळपास एक वातावरण दाब) भरलेला असून ५० बार राखीव ठेवायचे म्हटले, तर वापरायला साधारण १,६५० लिटर हवा उरते. नवखा माणूस पृष्ठभागावरच्या हिशेबाने मिनिटाला २० लिटर हवा घेतो असे धरले, तर १८ मीटरवर दाब २.८ पट असल्याने त्याला मिनिटाला ५६ लिटर लागतात आणि हवा अर्ध्या तासात संपते. पॅडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या कोष्टकात १८ मीटरची मर्यादा ५६ मिनिटांची आहे! म्हणजे आपल्याला वर आणणार ती हवा. नायट्रोजनची वेळ येतच नाही. मर्यादा खरी जाणवते ती दुसऱ्या-तिसऱ्या बुडीत, आणि अधिक खोलीवर : ३० मीटरला त्याच कोष्टकात २० मिनिटेच आहेत, आणि वरच्याच हिशेबाने तिथे हवाही एकवीसएक मिनिटेच पुरते. (ओपन वॉटर प्रमाणपत्रावर आपण १८ मीटरच्या खाली जाणे अपेक्षित नाही, हे आपणास ठाऊक असेलच.)

त्यामुळे आपल्यासाठी अल्गोरिदमपेक्षा तीन साध्या गोष्टी मी महत्त्वाच्या मानतो. पहिली, पाण्यात एका नजरेत खोली, उरलेली मिनिटे आणि वर येण्याचा वेग वाचता येतो का. वेग मिनिटाला ९ ते १० मीटरच्या वर गेला की बहुतेक कॉम्प्युटर इशारा देतात आणि पाच मीटरवर तीन मिनिटांच्या सेफ्टी स्टॉपची (वर येताना घ्यायच्या थांब्याची) उलटी मोजणी दाखवतात. नवख्यांची सर्वांत अधिक चूक वर येतानाच होते, म्हणून या दोन गोष्टी ठळक हव्यात. दुसरी, माहितीपुस्तिका न उघडता तो हाताळता येतो का. दुकानात उभ्या उभ्या दुकानदाराला म्हणावे, ‘मी आता यात ३२ टक्के नायट्रॉक्स लावून दाखवतो, तुम्ही मदत करू नका.’ (नायट्रॉक्स म्हणजे ऑक्सिजनचे प्रमाण वाढवलेली हवा.) एका बटणाच्या यंत्रात हवा तो पर्याय हुकला की पुन्हा सगळी फेरी मारावी लागते. काहींना ते चालते, काहींचा संताप होतो. तिसरी गोष्ट विजेची. सुंटो झूपसारख्या साध्या यंत्रांत सीआर-२४५० जातीची चपटी गोल बॅटरी असते, जी वर्ष-दोन वर्षे टिकते. रंगीत पडद्याची यंत्रे बहुधा चार्ज करावी लागतात. एकदा लक्षद्वीपला दुसऱ्याच दिवशी माझ्या कॉम्प्युटरवर बॅटरीचे चिन्ह लुकलुकू लागले. बेटावरच्या दुकानात गाडीच्या किल्लीत घालतात त्या पातळ बॅटऱ्या होत्या, ही नव्हती. सहलीच्या मध्यावर दुसरा कॉम्प्युटर हातावर बांधायचा तर आधी शरीरातला नायट्रोजन निघून जाऊ द्यावा लागतो, म्हणून एक अख्खा दिवस इतरांचे कपडे आणि चपला सांभाळत होडीवर बसून काढला. तेव्हापासून जादा बॅटरी आणि तिच्या झाकणाचे रबरी कडे सिलिकॉन ग्रीसच्या डबीसह माझ्या पिशवीत असते.

तिसऱ्या, हवेचा दाब दाखवणाऱ्या प्रकारात सिलिंडरच्या रेग्युलेटरवर ट्रान्समीटर बसतो. सोय उत्तम आहे, पण त्या पैशांत साधे दोन कॉम्प्युटर येतात आणि आपल्याला दोनच हवे आहेत. शिवाय ट्रान्समीटर असला तरी नळीवरचा दाबमापक मी काढायला सांगणार नाही. तेव्हा आपण दोघांनी एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे, मनगटावर बांधायचे दोन साधे कॉम्प्युटर घ्यावेत आणि सावधपणाची पातळीही सारखीच ठेवावी. मग खाली असताना दोघांचे आकडे जुळतील, आणि जुळले नाहीत तर ज्याची मिनिटे कमी त्याचे ऐकायचे, एवढे ठरवून ठेवावे. बजेट थोडे वाढवता येत असेल, तर शिअरवॉटर पेरेग्रिनसारखा मोठ्या रंगीत पडद्याचा घ्यायला हरकत नाही; वाचनाच्या सोयीचे पैसे वाया जात नाहीत.

प्रश्न : माझे वय ५६ आहे. वाचायला चष्मा लागतो. मागच्या वेळी भाड्याच्या कॉम्प्युटरवरील लहान आकडे मला पाण्याखाली दिसलेच नाहीत, आणि बडीच्या, म्हणजे बुडीतल्या जोडीदाराच्या, भरवशावर वर यावे लागले. पाण्यात वस्तू मोठ्या दिसतात असे ऐकून होतो, मग असे का व्हावे? नायट्रॉक्सची सोय असलेलाच घ्यावा काय?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे आणि अडचणही त्यातच आहे. मास्कच्या सपाट काचेतून पाहताना पाण्यातील वस्तू सुमारे एक चतुर्थांश जवळ आल्यासारखी दिसते, त्यामुळे ती मोठीही वाटते. पण चाळिशीनंतर डोळ्याला जड जाते ते जवळचे पाहणेच. हातभर अंतरावरचे मनगट डोळ्याच्या लेखी आणखी जवळ येते आणि आकडे पुसट होतात. त्यावर खोलवरचा अंधूक उजेड. उजेड कमी झाला की चाळिशीचा त्रास वाढतो, हे आपण मंद दिव्यात जेवणाचे बिल वाचताना अनुभवले असेल.

उपाय दोन आहेत आणि दोन्ही करावेत. मास्कच्या काचेच्या खालच्या भागात वाचनाच्या नंबरची भिंगे चिकटवून मिळतात, ती बसवून घ्यावीत. आणि कॉम्प्युटर स्वयंप्रकाशी, मोठ्या अंकांचा घ्यावा. पाण्यात लाल रंग सर्वांत आधी नाहीसा होतो म्हणून रंगीत पडद्याचा काय उपयोग, असे काहीजण विचारतात. तो नियम वरून येणाऱ्या सूर्यप्रकाशाला लागू आहे. पडद्याचा स्वतःचा लाल रंग डोळ्यापर्यंत जेमतेम दीड-दोन फूट पाणी ओलांडतो, त्यामुळे तो लालच दिसतो. मात्र दुकानातील दिव्याखाली पडदा पाहून निर्णय घेऊ नये. दुकानदाराची परवानगी घेऊन दाराबाहेर उन्हात पाहावा, मग काळोख्या कोपऱ्यात पाहावा. डाव्या हाताने बीसीडीची (हवा भरून तरंगणे सांभाळणाऱ्या जाकिटाची) हवेची नळी उंच धरली असता पडदा डोळ्यांसमोर येतो का, हेही तिथेच करून पाहावे, कारण वर येताना हात नेमका त्याच स्थितीत असतो.

नायट्रॉक्सचे म्हणाल, तर आज साध्यातल्या साध्या कॉम्प्युटरमध्येही ती सोय असते, त्यासाठी वेगळे पैसे मोजू नयेत. ३२ टक्के ऑक्सिजनच्या मिश्रणाने नायट्रोजन कमी शोषला जातो आणि १८ ते ३० मीटरच्या पट्ट्यात मिनिटे वाढतात. मात्र ऑक्सिजनचा अंशदाब (एकूण दाबातला त्याचा वाटा) १.४ बारच्या आत ठेवायचा असल्याने त्या मिश्रणावर ३३ मीटरच्या खाली जायचे नाही. आपल्या वयात, रोज दोन-तीन बुड्या मारताना, नायट्रॉक्स घेऊन कॉम्प्युटर मात्र साध्या हवेवरच लावून ठेवणारे सावध लोक आहेत. त्याने नायट्रोजनच्या बाजूने गाठीशी जास्तीची सवलत राहते, परंतु मग खोलीची ३३ मीटरची मर्यादा कॉम्प्युटर सांगत नाही, ती स्वतःच पाळावी लागते. ज्याला हे प्रत्येक वेळी न चुकता आठवेल, त्यानेच तसे करावे.

प्रश्न : माझ्याकडे पाण्यात चालणारे, १०० मीटरपर्यंत जलरोधक असलेले स्मार्टवॉच आहे. तेवढ्यावर भागेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ‘१०० मीटर जलरोधक’ याचा अर्थ पाणी आत शिरणार नाही, एवढाच. त्या घड्याळाला खोली मोजता येते आणि नायट्रोजनचा हिशेब करता येतो, असा त्याचा अर्थ नाही. खोली मोजणाऱ्या उपकरणांसाठी ‘ईएन १३३१९’ हे युरोपीय मानक आहे. त्याचा उल्लेख माहितीपत्रकात शोधावा. गार्मिनची डिसेंट मालिका हे मुळातच घड्याळाच्या रूपातले डाइव्ह कॉम्प्युटर आहेत. अॅपल वॉच अल्ट्रा हे २०२२ साली आलेले घड्याळ ओशॅनिक प्लस या अॅपच्या साह्याने ४० मीटरपर्यंत तसे काम करते, पण नो-डेको लिमिट हवी असेल तर अॅपची वर्गणी भरावी लागते. यांतले आपल्याकडे काही नसेल, तर भागणार नाही.

प्रश्न : मी दुबईत नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी फुजैराला डायव्हिंगला जातो. देश सोडून चाललेला एक सहकारी त्याचा चार वर्षे वापरलेला कॉम्प्युटर निम्म्या किमतीत देत आहे. घ्यावा का?
— एक वाचक, दुबई

उत्तर : पाहून, तपासून घ्यावा. प्रथम बॅटरीचे झाकण उघडायला सांगावे. आत पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड दिसली, म्हणजे खारे पाणी कधीतरी आत गेलेले आहे. मग किंमत कितीही उतरवली तरी नको म्हणावे. दाब टिपणारी छिद्रे मिठाने बुजलेली नाहीत ना, बटणे दाबल्यावर लगेच वर येतात ना, हे पाहावे. त्यानंतर त्याच्या नोंदवहीतल्या जुन्या बुड्या पडद्यावर आणाव्यात. त्यांत पुन्हा पुन्हा वेगमर्यादेचे किंवा चुकलेल्या थांब्यांचे इशारे असतील, तर दोष यंत्राचा नसून मालकाचा आहे, आणि तो मालकाबरोबरच जाणार आहे. शेवटी घेण्यापूर्वी एका बुडीत आपल्या नेहमीच्या कॉम्प्युटरशेजारी, त्याच मनगटावर बांधून न्यावा. खोलीत अर्ध्या मीटरपेक्षा अधिक फरक पडू लागला, तर सेवाकेंद्रात तपासणी झाल्याशिवाय व्यवहार करू नये. ते मॉडेल कंपनीने बंद केले असेल, तर झाकणाचे कडे आणि पट्टा अजून मिळतात का, याचीही चौकशी करावी. नोंदी संगणकावर उतरवण्याची चिंता मात्र नको. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी २०११ साली सुरू केलेले सबसरफेस हे मोफत सॉफ्टवेअर पुष्कळ जुनी यंत्रेही ओळखते. टॉरवाल्ड्स स्वतः हौशी पाणबुडे आहेत.

प्रश्न : आम्ही बेळगावचे चौघे मित्र दर वर्षी मालवण-तारकर्लीला जातो. गेल्या खेपेला सकाळी दोन बुड्या झाल्या, दुपारी जेवून आंबोलीमार्गे निघालो आणि संध्याकाळी घरी पोहोचलो. नव्या कॉम्प्युटरवर तेव्हा विमानाचे चिन्ह आणि त्यापुढे काही तास दिसत होते. आम्ही विमानाने जाणार नव्हतो, म्हणून दुर्लक्ष केले. हे बरोबर होते का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : नव्हते. परंतु आपणच नव्हे, घाटमाथ्यावरून कोकणात डायव्हिंगला येणारे बहुतेक लोक हेच करतात.

विमानाच्या चिन्हाचा संबंध विमानाशी नसून कमी होणाऱ्या हवेच्या दाबाशी आहे. विमानाच्या केबिनमध्ये साधारणतः २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असतो, त्याहून हवेचा दाब कमी होऊ दिला जात नाही. तेवढा कमी दाबही बुडीनंतर शरीरात उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे करायला पुरतो. म्हणून डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या, पाणबुड्यांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या मार्गदर्शनानुसार नो-डेको मर्यादेतील एकाच बुडीनंतर किमान १२ तास आणि एकाहून अधिक बुड्यांनंतर किंवा अनेक दिवसांच्या डायव्हिंगनंतर किमान १८ तास थांबायचे असते. हे मार्गदर्शन ज्या उंचीसाठी केले आहे, तिची सुरुवात २,००० फुटांपासून, म्हणजे सुमारे ६१० मीटरपासून होते. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आहे आणि बेळगाव त्याहून थोडे अधिकच, सुमारे ७५० मीटरवर. म्हणजे आपण त्या पट्ट्यात तासाभरासाठी शिरला नाहीत, रात्रभर तिथेच राहिलात. पुण्याचे आणि कोल्हापूरचे पाणबुडे या रेषेच्या जरा खाली राहतात, पण त्यांनाही वाटेत घाट चढावा लागतोच.

आता घाबरवण्याचा माझा हेतू नाही, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. जितकी उंची कमी आणि बुड्या जितक्या उथळ, तितकी थांबण्याची गरज कमी. अमेरिकी नौदलाची कोष्टके याच तत्त्वावर उंचीनुसार आणि उरलेल्या नायट्रोजननुसार वेगवेगळी वाट पाहायला सांगतात. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पर्यटकांना पाच-सात मीटरवर पंधरा-वीस मिनिटे फिरवून आणतात, त्या एका बुडीनंतर शरीरात फारच थोडा नायट्रोजन उरलेला असतो. आपल्या दोन बुड्या १५-१८ मीटरच्या असतील, तर गोष्ट वेगळी. कॉम्प्युटरवरील तासांबाबतही एक खबरदारी घ्यावी. काही यंत्रे सरसकट १२ किंवा २४ तास दाखवतात, काही आपल्या गणिताने त्याहून कमीही दाखवतात. कॉम्प्युटर आणि वरील मार्गदर्शन यांत फरक पडला, तर जे अधिक तास सांगेल ते पाळावे. त्यातच अंदमानला जाणाऱ्यांसाठी एक सूचना : हॅवलॉकहून (आताच्या स्वराज द्वीपहून) पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला, हेलिकॉप्टरने परत येणे हेही उड्डाणच आहे.

खरेदीच्या दृष्टीने आपण बेळगावकरांनी एवढे पाहावे की, कॉम्प्युटर हवेचा दाब आपोआप ओळखतो का, की उंचीची पातळी हाताने लावावी लागते. हाताने लावायची असेल, तर घरी चाचपडताना ती ‘डोंगराळ’वर राहून गेलेली नाही ना, हे होडीत चढण्याआधी पाहून घ्यावे, राहून गेली तर धोका नाही, पण मिनिटे उगाच कमी मिळतील. घाटावरून खाली उतरून त्याच दिवशी बुडी मारायला काहीच अडचण नाही, अडचण फक्त चढताना आहे. तेव्हा पुढच्या खेपेस क्रम उलटा करावा : पहाटे निघून पहिल्या दिवशीच बुड्या उरकाव्यात, रात्री मालवणात मुक्काम करावा, दुसऱ्या दिवशी सकाळी सिंधुदुर्ग किल्ला पाहावा आणि माशाचे जेवण झाल्यावर गाडी घाटाला लावावी.